पाठ झालेला तक्ता

माझ्या बायकोची नजर गेली ती माझ्याच दुकानात, माझ्यासमोर. मी चष्म्याचा दुकानदार आहे, डोळे तपासणं हे माझं काम. तिचे डोळे मी दर वर्षी तपासायचो आणि दर वर्षी "छान आहेत" म्हणायचो. ते छान नव्हते. ही पहिली चूक. दुसरी चूक याहून मोठी, आणि ती मी समजून-उमजून केली. लोक विचारायला लागले तेव्हा मी सांगितलं, की तिनंच लपवलं.

दुकान शहरातल्या उस्मानपुऱ्यात आहे, अरुंद आणि आखूड. नजर तपासायची तर माणूस आणि तक्ता यांच्यात वीस फूट अंतर लागतं. आमच्याकडं जेमतेम दहा. म्हणून सगळे छोटे दुकानदार करतात तेच मी केलं. तक्त्याचा दिव्याचा डबा खुर्चीच्या मागं, गिऱ्हाइकाच्या डोक्याच्या वर लावला आणि समोरच्या भिंतीवर आरसा. गिऱ्हाईक आरशात बघतं, अंतर दुप्पट होतं. तक्त्यावरची अक्षरं उलटी छापलेली असतात, आरशात ती सुलटी दिसतात. डब्याला दोन पाट्या आहेत. एकीवर मराठी अक्षरं, वर एकच मोठं आणि खाली बारीक बारीक होत गेलेल्या ओळी. दुसरी पाटी वाचता न येणाऱ्यांसाठी. तिच्यावर नुसती तीन दांड्यांची खूण, कुठं दांड्या वर, कुठं खाली, कुठं बाजूला. माणसानं बोटांनी दाखवायचं, दांड्या कुठल्या अंगाला आहेत ते. खटका दाबून पाटी सरकवली की झालं.

मी स्वतः आरशाकडं बघत नाही. इतक्या वर्षांत मला ती अक्षरं तोंडपाठ झाली आहेत. माणसाच्या नाकावर तपासणीचा जड गोल चष्मा चढवायचा, त्यात एकेक काच टाकायची, आणि ऐकायचं. आता बरं दिसतं का आधीचं? ही का ती? माणूस कुठं अडखळतो त्यावरून नंबर कळतो.

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, घर रिकामं झालं, तशी बायको दुकानात येऊन बसायला लागली. काऊंटर खुर्चीपासून हातभर अंतरावर. तिनं काम पटापट उचललं. काड्यांचे ढिले स्क्रू, नाकावरच्या रबरी गाद्या, तोंडाला शोभेल अशी फ्रेम काढून देणं. बायका तर माझ्याशी बोलायच्याच नाहीत, सरळ तिच्याकडं जायच्या. आणि दिवसभर तिच्या कानावर एकच गोष्ट पडायची. ग, ट, न. मग प, व, म, ल. खालच्या ओळीत लोक 'घ'ला 'ध' म्हणतात हेही तिला माहीत झालं होतं. कधी गिऱ्हाईक गेल्यावर ती त्याची नक्कल करायची, "ध... का घ... का हो, नक्की घच का?" आणि आम्ही दोघं हसायचो.

तिचे डोळे मी दुपारी तपासायचो, गिऱ्हाईक नसलं की. उभ्या उभ्या. अर्धं लक्ष रस्त्याकडं. ती खुर्चीत बसायची, मी म्हणायचो वाच, ती धडाधडा वाचायची. जवळचा नंबर तर मी बघायचोच नाही. तो आम्ही वयावरून देतो. चाळिशीला इतका, पंचेचाळिशीला इतका, पन्नाशीला इतका. दहातल्या नऊ जणांना तो चालतो. तिला मी तसाच दिला.

मग तिच्या हातून स्क्रू पडायला लागले. बारीक स्क्रू, फरशीवर पडला की सापडत नाही. एकाची फ्रेम दुसऱ्याला जायला लागली. एकदा एका बाईंना तिनं चष्मा बसवून दिला तो उजव्या काडीला वाकडा. त्या बाई आरशासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, मी वाकडी का चष्मा वाकडा?" सगळे हसले. मीही हसलो आणि वर म्हणालो, "आमच्याकडं सगळ्यांचे डोळे तपासून मिळतात. हिचं लक्ष तेवढं तपासायचं राहिलंय." ते वाक्य मला फार आवडलं. पुढं मी ते कितीतरी वेळा वापरलं. काचा घेऊन येणारा आमचा जुना व्यापारी तर दारातूनच हाक मारायचा, "क्या भाभी, आज ध्यान किधर है?" ती हसायची. कुठं बघून हसते आहे ते मी कधी पाहिलं नाही.

ती सांगत नव्हती असं नाही. मी जे लोकांना सांगितलं त्याच्या उलट हे आहे, म्हणून नीट लिहितो. एकदा चहा गाळताना म्हणाली, "अहो, मधेच असं पुसट पुसट होतंय." मी म्हणालो, उन्हातून आलीस म्हणून. एकदा म्हणाली, "पेपरातली अक्षरं मोडकी दिसतात, ओळ वाकते." मी म्हणालो, डोकं हलवू नकोस वाचताना. एकदा रस्ता ओलांडताना तिनं माझा दंड घट्ट धरला, तेव्हा मी म्हणालो, "लक्ष दे ना जरा." तिला साखरेचा आजार होता. गोळ्या चालू होत्या, कधी घ्यायची, कधी राहायच्या. साखरवाल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सांगतो, वर्षातून एकदा औषध घालून पडदा तपासून घ्या, मधुमेह डोळ्याच्या पडद्यावर बसतो. हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगत होतो आणि ती हातभर अंतरावर बसून ऐकत होती. तिला मी हे एकदाही सांगितलं नाही. आपल्या घरात ते होईल असं मला वाटलंच नाही. खरं तर मी विचारच केला नाही.

त्या दिवशी फुलंब्रीकडच्या एक म्हाताऱ्या आजी आल्या होत्या. अक्षरओळख नव्हती, म्हणून मी दांड्यांची पाटी लावली. आजी तीन बोटं वर करायच्या, खाली करायच्या, मधेच म्हणायच्या, "हे तं कंगव्यावाणी दिसतंय, दात कुठं हायेत बाबा?" त्यांचं होईस्तोवर दुपार झाली. त्या गेल्यावर दुकान शांत झालं. बायको उठली आणि स्वतःहून खुर्चीत जाऊन बसली.

"बघा ना जरा पुन्हा. मला काही बरं वाटत नाय."

मी तो जड चष्मा तिच्या नाकावर चढवला, डाव्या डोळ्यावर काळी झाकणी टाकली आणि म्हणालो, वाच. ती वाचायला लागली. ग, ट, न. प, व, म, ल. खालची ओळ, मग तिच्या खालची. एकही चूक नाही. 'घ'सुद्धा बरोबर. माझ्या हातातून काच निसटली म्हणून मी खाली वाकलो, आणि उठताना नजर सहज आरशात गेली. आरशात अक्षरं नव्हती. नुसत्या दांड्या. पाटी मी सरकवलीच नव्हती.

"काय वाचतेस तू?" मी विचारलं.

"खालून दुसरी ओळ."

"कुठं आहे ती?"

तिनं मान जरा पुढं केली. मग हळू आवाजात म्हणाली, "तिथंच. आरशात."

त्या क्षणी मी घाबरायला हवं होतं. मी चिडलो. आज आठवलं की सगळ्यात आधी माझा तो आवाज ऐकू येतो. "फसवत होतीस मला? इतकी वर्षं? दिसत नव्हतं तर सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात लक्ष दे. मग लक्ष दिलं. तुम्ही वाच म्हणायचे, तवा तोंडात आपोआप यायचं. दिसतंय म्हणून येतंय का येतंय म्हणून दिसतंय, मलाच कळंना झालं."

शहरातल्या डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात तिच्या डोळ्यांत औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि पडद्याचे फोटो काढले. डॉक्टरबाईंनी फोटो मला दाखवला. दुसऱ्याचा असता तर मी बघताच ओळखलं असतं. पडद्याच्या बरोबर मधे, जिथून आपण वाचतो, तोंडं ओळखतो, तिथं सूज, आणि सुजेखाली जुने डाग. दोन्ही डोळ्यांत. कडेचं दिसणार, मधलं नाही. इंजेक्शनं देऊन आहे तेवढं राखायचं, गेलेलं फारसं परत येणार नाही.

"हे आजचं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लवकर आला असतात तर बरंच वाचवता आलं असतं. आधी कुणी तपासलं नव्हतं का?"

बायको माझ्या शेजारी बसली होती. मी म्हणालो, "ती सांगतच नव्हती, डॉक्टर. तक्ता पाठ करून म्हणायची."

बोलताना मला ते खोटं वाटलंही नाही. शब्द तर खरे होते, तक्ता ती पाठच म्हणत होती. बायकोनं माझ्याकडं मान वळवली. तिथून ते वाक्य माझ्या तोंडी बसलं, खोटं आहे हे कळायला लागल्यावरही. दुकानात विचारणाऱ्यांना तेच, शेजाऱ्यांना तेच, फोनवर मुलालाही तेच. फुलंब्रीहून तिचा धाकटा भाऊ भेटायला आला. तिथं त्याचं खताचं दुकान आहे, शेतीही आहे. आल्या आल्या तो बहिणीवर ओरडला, "ताई, असं कुणी करतं व्हय? घरात डोळ्याचा माणूस असून लपवायचं? आमचे दाजी गरीब स्वभावाचे म्हणून ठीक, दुसरा असता तर..." ती पदराच्या टोकाशी चाळा करत ऐकत राहिली. माझ्याकडं एकदा बघून वाट पाहिली, असं मला वाटलं. मी चहा आणायला उठलो.

इंजेक्शनांनंतर सूज उतरली, पण मधलं काही परत आलं नाही. दवाखान्यात कमी नजरेच्या लोकांसाठी वेगळी खोली आहे, तिथं आम्हाला पाठवलं. तपासणारी मुलगी तरुण, शांत. तिचा तक्ता भिंतीवर नव्हता. चाकांच्या स्टँडवर होता, तो ती हवा तितका जवळ आणायची, आणि दर वेळी पान बदलायची. टेबलावर सगळी सामग्री मांडलेली. दिवा असलेलं हातातलं भिंग. कागदावर ठेवायचं, पाय असलेलं भिंग. नाकापासून चार बोटांवर धरून वाचायचे जाड काचांचे चष्मे. लांबची पाटी बघायला एका डोळ्याला लावायची छोटी दुर्बीण. आणि एक पडद्याचं यंत्र, ज्याखाली औषधाची चिठ्ठी धरली की अक्षरं ताटाएवढी होतात. यातली निम्मी साधनं मी कंपन्यांच्या पुस्तकात पाहिली होती आणि "खपणार नाही" म्हणून पान उलटलं होतं.

मुलीनं तिला आधी बघायची नवी रीत शिकवली. समोर घड्याळ आहे असं समजायचं, दोनच्या आकड्याकडं नजर न्यायची, मग मधलं कडेच्या नजरेत येतं. बायकोनं तसं केलं आणि एकदम म्हणाली, "अगं बाई, यांच्या कानाकडं बघितलं की यांचं तोंड दिसतंय!" मुलगी हसली. मलाही हसायला हवं होतं.

मग भिंगं सुरू झाली. पहिलं दिलं. "दिसतंय," बायको म्हणाली. दुसरं दिलं. "दिसतंय." तिसरं. "हो, हो, दिसतंय."

"काय दिसतंय काकू? वाचा ना."

बायको थांबली. मान माझ्या बाजूला किंचित वळली. मग तिनं अंदाजानं एक आकडा सांगितला. मुलीनं कागदाकडं पाहिलं, लिहून घेतलं. निघताना एक हलकं भिंग हातात दिलं आणि मला दाराशी थांबवलं.

"काका, काकू चुकायला घाबरतात. यात पास-नापास काही नसतं. त्या 'नाही दिसत' म्हणाल्या तरच मला कळणार, कुठलं भिंग द्यायचं ते. हे आत्ता दिलंय ते त्यांना पुरणार नाही. दिवाळी झाली की पुन्हा आणा त्यांना. आणि तुम्ही बाहेर बसा."

रिक्षात मी तिला म्हणालो, "खरं सांगत जा ना त्या मुलीला."

"काय सांगू?" ती रस्त्याकडं तोंड करून म्हणाली. "नाय दिसत म्हटलं तं लक्ष नाय. दिसतं म्हटलं तं लपवलं. तुमीच सांगा काय म्हणू, तेवढं म्हणते."

मी रिक्षावाल्याला वळण सांगितलं.

ते हलकं भिंग कपाटात पडून राहिलं. गोळ्या पुरेनात म्हणून आता तिला इन्सुलिन चालू झालं होतं. पेनासारखं यंत्र असतं, मागचं चाक फिरवायचं, बारीक खिडकीत आकडा येतो, तेवढं औषध टोचायचं. सकाळचं मी देत होतो. संध्याकाळी मी दुकानात असायचो. मी विचारलं होतं, आकडा दिसतो का नीट? ती म्हणाली होती, दिसतो. मला माहीत होतं दिसत नसणार. पण संध्याकाळची वेळ गिऱ्हाइकांची. मी ते "दिसतो" खरं मानून घेतलं, पुन्हा एकदा.

एके संध्याकाळी शेजारच्या वहिनींचा फोन आला. मी पोचलो तेव्हा बायको स्वयंपाकघरात फरशीवर भिंतीला टेकून बसली होती, अंगावर घाम, हात थरथरत होते, बोलणं जड. वहिनी तिला साखरेचं पाणी पाजत होत्या. ओट्यावर पेन होतं; औषध जास्त टोचलं जाऊन साखर एकदम उतरली होती. किती घेतलं ते तिला सांगता आलं नाही. हळूहळू ती सावरली. वहिनी गेल्यावर मी तिच्याजवळ बसलो. "दिसला नव्हता ना आकडा?" ती पुटपुटली, "दिसत होता." अर्धवट शुद्धीतसुद्धा ती मला पास होऊन दाखवत होती. पुढच्या वेळी शेजारीण घरात नसेल, हे मला त्या फरशीवर बसल्या बसल्या समजलं.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळीही मी दुकान सोडून घरी यायला लागलो. पण मी कायमचा पुरणार नव्हतो, आणि खरं भिंग तिच्या खऱ्या बोलण्याशिवाय मिळणार नव्हतं. मी मनाशी वाक्यं जुळवत होतो. घरात दोघंच असताना बोलून टाकावं, असं रोज ठरवायचो. मग वाटायचं, खोटं चारचौघांत बोललो आणि खरं बंद दाराआड बोलायचं, हे काही बरोबर नाही. असं म्हणत म्हणत दिवस गेले. खरं तर हेही टाळणंच होतं.

भाऊबिजेला फुलंब्रीला गेलो. मेहुण्याच्या घरी माझी सरबराई नेहमीसारखी. बसायला चांगली खुर्ची, आधी पाणी, मग चहा, "दाजी, पंखा लावू का?" मेहुणा पाटावर बसला. बायकोनं ताट घेतलं. बोटाला कुंकू लावून तिनं हात पुढं केला. मान थोडी वाकडी, नजर भावाच्या खांद्याकडं, शिकवलं होतं तसं. बोट भुवईवर टेकलं. कुंकू तिथं लागलं, थोडं पापणीवर सांडलं.

"लागलं ना मधोमध?" तिनं विचारलं.

"एकदम बरोबर, ताई," मेहुणा एक डोळा मिटून म्हणाला.

त्याच्या बायकोनं हसत हसत रुमाल पुढं केला. "वन्सं, आता घरच्यात तरी लपवू नका बाई. नाय दिसत तं नाय म्हणायचं. दाजी बिचारे किती करतात तुमचं."

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मी जे सांगितलं होतं तेच ती बोलत होती. बायकोनं ताट खाली ठेवलं. "दिसत होतं गं," ती म्हणाली, "हात जरा हलला."

मी खुर्चीतून उठलो. बोलायला सुरुवात केली ती मेहुण्याच्या बायकोकडं बघून, कारण बायकोकडं बघायची हिंमत नव्हती.

"वहिनी, तिनं काही लपवलं नव्हतं. ती मला सांगत होती. पुसट दिसतं म्हणाली, ओळी वाकड्या दिसतात म्हणाली. मी तिलाच लक्ष दे म्हणालो. लोकांसमोर तिची चेष्टा केली. तुम्हाला मी खोटं सांगितलं."

"जाऊ द्या दाजी," मेहुणा पाटावरून अर्धवट उठत म्हणाला. "सणासुदीचं कशाला..."

"नाही. तू तिच्यावर ओरडलास तेव्हा मी समोर होतो. ओरडायचं होतं ते माझ्यावर. मी चहा आणायला गेलो."

बायको ताटाजवळ तशीच उभी होती, बोटाला कुंकू. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही. डोळे माझ्यामुळं गेले आणि नाव तुझं पुढं केलं, डॉक्टरांपुढं, तुझ्या भावापुढं, आपल्या पोरापुढं. त्याला आज फोन करून सांगतो मी. आता त्या मुलीकडं गेलो की मी बाहेर बसेन. तू नाही दिसत म्हण. प्रत्येक भिंगाला म्हणावं लागलं तरी म्हण. माझं चुकलं. मला माफ कर."